भूपातली चाल ब्रास बँडला बसवताना हॉर्न जुळत नाही

दांडियाबाजारकर
मंडळाच्या मिरवणुकीसाठी भूप रागातली एक चाल केरव्यात (आठ मात्रांचा ताल) बसवायची आहे. कॉर्नेट ६, ई फ्लॅट टेनर हॉर्न ३, ट्रॉम्बोन २, युफोनियम २, ई फ्लॅट बास १, शिवाय साइड ड्रम आणि बास ड्रम. पेटीवर सा काळी दोन (ई फ्लॅट) धरून लिहिली. हॉर्नला तिसऱ्या कॉर्नेटच्या पार्टची झेरॉक्स दिली, तर त्यांचा सा मध्यमावर पडतो. कॉर्नेटवाल्यांचे ओठ दुसऱ्या अंतऱ्यालाच थकतात. ट्रॉम्बोनवर प ते सा ही मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तोडता घसरणं) तुटते. गाणारं कोणी नाही, पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बदलली तरी चालेल. काही जण फक्त सरगम वाचतात.

जुनी कमाटीबाग
चूक झेरॉक्समध्येच आहे. कागदावरचा सी कॉर्नेटवर बी फ्लॅट वाजतो, टेनर हॉर्नवर त्याच्या खालचा ई फ्लॅट. तोच कागद दोघांना दिला की हॉर्नचा सा मंद्र (खालच्या सप्तकातल्या) मध्यमावर जाणारच.

पेटीवरून उतरवताना कॉर्नेटला प्रत्येक स्वर दोन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून) वर लिहा, हॉर्नला नऊ पट्ट्या वर. ट्रेबल क्लेफमधल्या ई फ्लॅट बासला हॉर्नसारखंच, पण आणखी एक सप्तक वर. युफोनियमवाला ट्रेबल क्लेफ वाचतो की बास क्लेफ, हे आधी विचारा. ट्रेबल वाचत असेल तर कॉर्नेटसारखं लिहून एक सप्तक वर, बास वाचत असेल तर पेटीचेच स्वर. न विचारता लिहिलं की सगळा पार्ट पुन्हा काढावा लागतो.

पट्टी काळी पाच (बी फ्लॅट) करा. मग कॉर्नेटचा सा म्हणजे सी, हॉर्न आणि बासचा जी. तिन्ही ठिकाणी एकही वाल्व दाबायचा नाही, त्यामुळे सा पक्का लागतो. ओठ थकण्याचं कारणही पट्टीच आहे: काळी दोनवर कॉर्नेटचा तार (वरच्या सप्तकातला) पंचम स्टाफच्या, म्हणजे पाच रेषांच्या, वर दुसऱ्या जादा रेषेवरच्या सीवर जातो. चालत चालत तो वारंवार मागणं अन्याय आहे. काळी पाचवर मध्य सा स्टाफच्या खालच्या सीवर ठेवा, तार पंचम जीवर थांबेल.

फक्त मंद्र पंचम कॉर्नेटला देऊ नका. तो पहिला आणि तिसरा वाल्व एकत्र दाबून निघतो; सूर चढतो आणि आवाज पोकळ येतो. तेवढा तुकडा युफोनियमला द्या.

सहावी पोझिशन
मींडही याच बदलाने सुटेल. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सातच पोझिशन (थांबे), म्हणजे ओठांच्या एका ताणावर जास्तीत जास्त सहा पट्ट्या घसरता येतं. काळी दोनवर सा, म्हणजे ई फ्लॅट, तिसऱ्या पोझिशनवर. तिथून पंचमापर्यंत पाच पट्ट्या खाली यायला आठवी पोझिशन लागेल, ती नळीवर नाहीच. म्हणून तुटते. काळी पाचवर प सहावीत, ध चौथीत, सा पहिलीत, सगळं ओठांच्या एकाच ताणावर. जीभ फक्त पंचमाला लावायची, ध वरून हवा न तोडता सा गाठायचा. आणि ट्रॉम्बोन पहिल्या ओळीत चालवा, सहाव्या पोझिशनला पुढे हातभर मोकळी जागा लागते.

दांडियाबाजारकर
पट्टी बदलतो. हॉर्नला कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) द्यावेत का? बास एकच आहे, त्याला सलग सा धरायला सांगू?

जुनी कमाटीबाग
सलग नको, एका माणसाचा श्वास पुरत नाही. बासला पहिल्या मात्रेला सा, पाचवीला प, मध्ये विश्रांती. आधार हॉर्न धरतील: दोघे सा, एक प. सा धरणाऱ्या दोघांच्या श्वासखुणा वेगवेगळ्या मात्रांवर पेन्सिलने करा, एकदम श्वास घेतला की खड्डा पडतो. पंचमवाला पाचव्या मात्रेला श्वास घेऊ दे, तेव्हा बासचा प असतोच.

कॉर्ड जपून. सा-ग-प आणि ध-सा-ग हे दोन भूपात पूर्ण बसतात. भूपात म आणि नी नाहीत. पंचमावरच्या कॉर्डमध्ये नी येतो, तिथे नुसता प आणि रे ठेवा. मध्यमाचा कॉर्ड सवयीने हात जातो तिथेच येतो, आणि एकदा वाजला की भूप राहत नाही. तपासायची सोपी खूण: कॉर्नेटच्या कागदावर एफ किंवा बी, हॉर्न-बासच्या कागदावर सी किंवा एफ शार्प दिसला की खोडा.

सरगम वाचणाऱ्यांसाठी स्वरांखाली सरगम लिहा, सप्तकाच्या टिंबांसकट. वर मोठ्या अक्षरात ‘सा = सी’ किंवा हॉर्नला ‘सा = जी’. यात कमीपणा नाही. गायक-वादक मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली ती स्वरलिपीवरच भर देऊन.

सहावी पोझिशन
कागद ए-फाइव्ह आडवा, लायरमध्ये (वाद्यावरची कागद धरायची चिमटी) मावेल असा. भाद्रपदात शाई फुटते, म्हणून प्लास्टिकची पिशवी, तोंड खाली करून.