कॅन्डिड वर्षभरात बंद पडलं, ते बरंच झालं

रंकाळाकाठ

गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या आमच्या बैठकीत कॅन्डिडच्या चार एलपी लागोपाठ ऐकल्या. दुपारचं जेवण चार वाजता झालं. उठताना मी एक वाक्य बोललो आणि त्यावरून जी जुंपली ती जिना उतरेपर्यंत चालली. ते वाक्य इथे नीट मांडतो: कॅन्डिड वर्षभरात बंद पडलं ते बरंच झालं.

ज्यांनी हे नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये आर्ची ब्लायरची केडन्स नावाची रेकॉर्ड कंपनी होती. एव्हर्ली ब्रदर्सची तुफान खपलेली गाणी तिचीच. त्या कमाईच्या जोरावर ब्लायरनं १९६० मध्ये कॅन्डिड हे जॅझचं वेगळं लेबल काढलं आणि नॅट हेंटॉफ या समीक्षकाच्या हवाली केलं. कुणाला बोलवायचं, काय वाजवू द्यायचं, सगळं हेंटॉफनं ठरवायचं. १९६१ संपता संपता कारभार आटोपला. तेवढ्या अवधीत बासवादक चार्ल्स मिंगस, ड्रमवादक मॅक्स रोच, गायिका ॲबी लिंकन, सेसिल टेलर, स्टीव्ह लेसी, बुकर लिटल, शिवाय ओटिस स्पॅन आणि लाइटनिन हॉपकिन्ससारखे ब्लूजवाले, एवढी माणसं त्या लेबलावर येऊन गेली.

रविवारी सुरुवात मिंगसपासून केली. 'चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस', ऑक्टोबर १९६०. रेकॉर्ड सुरू होते तीच मिंगसच्या बोलण्यानं. टाळ्या वाजवू नका, ग्लासातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटी नको, असं तो श्रोत्यांना बजावतो. श्रोते मात्र तिथे कुणीच नव्हते. हा स्टुडिओ होता. दिवे मंद करून त्यानं मनातल्या मनात क्लब उभा केला आणि साथीदारांनाही त्यात बसवलं. सोबत सॅक्सोफोन आणि बेस क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर टेड कर्सन आणि ड्रमवर डॅनी रिचमंड. पियानो नाही. 'व्हॉट लव्ह'मध्ये मिंगसचा बास आणि डॉल्फीचं बेस क्लॅरिनेट अक्षरशः भांडतात. एक गुरगुरतो, दुसरा उलट उत्तर देतो, मग थोडा वेळ दोघं गप्प, मग समजूत. डॉल्फी तेव्हा बँड सोडून निघाला होता, हे ठाऊक असलं की घरातलं बोलणं चोरून ऐकतोय असं वाटतं.

विक्रीचा हिशेब मागायला कुणी येण्याआधीच हे लेबल थांबलं, म्हणून त्यात भरताड नाही. ब्लू नोट या जॅझच्या लेबलावर माझा जीव आहे, पण १९६४ मध्ये त्यांची 'द साइडवाइंडर' ही रेकॉर्ड तुफान खपली आणि नंतरच्या कित्येक रेकॉर्डींची पहिली बाजू त्याच ठेक्यावर सुरू व्हायला लागली. पुढे कंपनीच विकली गेली. कॅन्डिड जगलं असतं तर त्याचंही तेच झालं असतं. एका खणात मावतील एवढ्याच रेकॉर्डी, पण त्यातली कुठलीही डोळे मिटून काढा आणि लावा.

तिकटीवरचा

दादा, जिन्यावर वाद मीच घातला, तेव्हा इथंही पहिला मीच.

तुम्ही कपाटाच्या बाजूनं बोलताय. वाजवणाऱ्यांच्या बाजूनं बघा की. ॲबी लिंकनची 'स्ट्रेट अहेड' फेब्रुवारी १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. कोलमन हॉकिन्स, डॉल्फी, बुकर लिटल, रोच, कोण नाही त्यात. 'डाउनबीट' या जॅझच्या नियतकालिकात आयरा गिट्लर या समीक्षकानं तिचं परीक्षण लिहिलं आणि ही बाई आपल्या काळेपणाचं भांडवल करते, अशा अर्थाची टीका केली. त्यावर एवढं वादळ उठलं की १९६२ मध्ये त्याच नियतकालिकाला जॅझमधल्या वंशभेदावर परिसंवाद घ्यावा लागला. ॲबी, रोच, हेंटॉफ आणि स्वतः गिट्लर समोरासमोर बसले. तोवर तिच्या पाठीशी उभं राहणारं लेबलच उरलं नव्हतं. तिच्या नावाची पुढची रेकॉर्ड व्हायला १९७३ उजाडलं, आणि तीही टोकियोत.

बारा वर्षं! गळा ऐन भरात असताना बारा वर्षं. ती बारा वर्षं आपल्या खणात फट म्हणून दिसत नाहीत, एवढाच आपला फायदा. त्याला 'बरं झालं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुई_आणि_खरखर

तपशिलाची एक दुरुस्ती. कॅन्डिड 'बंद पडलं' हे अर्धंच खरं. १९६४ मध्ये गायक अँडी विल्यम्सनं केडन्सचा सगळा ऐवज विकत घेतला. पुढे सत्तरच्या दशकात त्याच्याच बार्नबी लेबलावरून कॅन्डिडच्या रेकॉर्डी पुन्हा निघाल्या, आणि त्यानंतर लंडनच्या ॲलन बेट्सनं नावासकट लेबल चालवलं. मूळ छपाई ओळखायची असेल तर क्रमांक बघा: मोनो ८००० पासून, स्टिरिओ ९००० पासून. रोचची 'वी इन्सिस्ट!' म्हणजे मोनोत ८००२ आणि स्टिरिओत ९००२.

माझ्याकडची 'वी इन्सिस्ट!' बार्नबीवाली आहे. कोपरे दुमडलेत, दुसऱ्या बाजूला एक चरा आहे. तरी रोचच्या ड्रमचे ते ठोके मला आजही जागचं हलू देत नाहीत.

सातवी_गल्ली

मी रंकाळाकाठ यांच्या बाजूनं, पण कारण वेगळं.

'वी इन्सिस्ट!'चं कव्हर डोळ्यांसमोर आणा. खानावळीच्या काउंटरवर तीन काळे तरुण बसलेत, मान वळवून थेट आपल्याकडे बघताहेत. काउंटरपलीकडे गोरा नोकर उभा. १ फेब्रुवारी १९६० ला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या काउंटरवर जाऊन बसले होते आणि त्यानंतर गावोगाव तसंच सुरू झालं. ऑगस्टअखेर रोच स्टुडिओत पोचला. वर्षभराच्या आत रस्त्यावरची गोष्ट रेकॉर्डीच्या कव्हरवर आली.

कोल्हापूरकराला हे चित्र समजावून सांगायला लागू नये. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. कपबशी कुणाच्या हातची, काउंटरवर कुणी बसायचं, हा प्रश्न आपल्या याच रस्त्यावर विचारला गेलाय. मी ते कव्हर पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला न्यूयॉर्क आठवलंच नाही.

आणि हे कव्हर कुठल्याही बड्या कंपनीनं छापलं नसतं. पुरावा मिंगसचाच आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सो राज्याच्या गव्हर्नर फॉबसनं १९५७ मध्ये काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ द्यायचं नाही म्हणून लष्करी तुकडी उभी केली. मिंगसनं त्याच्यावर गाणं रचलं. १९५९ मध्ये कोलंबियानं ते घेतलं, पण बिनशब्दांचं. कॅन्डिडनं पुढच्याच वर्षी शब्दांसकट घेतलं. मिंगस विचारतो, रिचमंड उत्तर देतो, नाव घेऊन. ज्याला टिकायची काळजी आहे तो असं करत नाही. आयुष्य आखूड असणं ही या धाडसाची किंमत होती.

तिकटीवरचा

सातवी_गल्ली, कांबळ्यांच्या हॉटेलाचं उदाहरण दिलंत ते काळजाला भिडलं. पण तेच तुमच्या विरोधात जातं बघा. महाराज एकदा चहा पिऊन निघून गेले असते आणि आठवड्यानं हॉटेल बंद पडलं असतं, तर आपण 'बरं झालं' म्हटलं असतं का? हॉटेल चालावं म्हणून तर ते थांबत होते.

निवांत_संध्याकाळ

माझं मत कुणालाच आवडणार नाही, तरी लिहिते. 'वी इन्सिस्ट!'मधला 'ट्रिप्टिक' मला ऐकवत नाही. मधल्या भागात ॲबी लिंकन मिनिटभराहून जास्त नुसती किंचाळते. मागे फक्त रोचचे ड्रम. घरी लावलं तर आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाकडं काय झालंय गं?" तिला वाटलं शेजारी कुणी गेलं.

मी त्या चळवळीचा मान ठेवते. पण रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी असते. ही मी वर्षातून एकदाही लावत नाही. कॅन्डिडचं कौतुक करताना आपण संगीत ऐकतोय की इतिहास, हे प्रत्येकानं प्रामाणिकपणे सांगावं. याच लेबलावरची बुकर लिटलची 'आउट फ्रंट' बघा. एक घोषणा नाही, कव्हरवर भाष्य नाही. नुसती ट्रम्पेट, आणि तिच्यात असा एक ओलसर दुखरा सूर की दिवेलागणीला लावली की उठवत नाही. या धाग्यात तिच्याबद्दल अजून कुणी ओळभरही लिहिलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

सातवी_गल्ली

ताई, तुमच्या आईनं जे ओळखलं तेच रोचला हवं होतं असं मला वाटतं. भाषा येत नाही, गाव ठाऊक नाही, तरी हातातलं काम टाकून त्या बाहेर आल्या. एवढं पोचलेलं संगीत मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

त्याच रेकॉर्डीवरचा 'ड्रायव्हा मॅन' पुन्हा ऐकून बघा. पाचाच्या ठेक्यात आहे. कोलमन हॉकिन्स तेव्हा पंचावन्नचा, बाकीच्यांच्या वडिलांच्या वयाचा. त्याच्या सॅक्सोफोनातून एक चिरका सूर निसटतो. तो कापून टाकू म्हटल्यावर हॉकिन्सनं ठाम नकार दिला: अशा रचनेत सगळं निर्दोष असेल तर कुठेतरी काहीतरी चुकलंय. तो सूर रेकॉर्डीत तसाच आहे. 'आउट फ्रंट'बद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं.

तळघर७८

मी मुळात ७८ आरपीएमवाला, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचा शौकीन, जॅझ उशिरा ऐकायला लागलो. तरीही राहवत नाही म्हणून लिहितो.

लेबल बंद पडलं ते बरं, असं कोल्हापुरात बसून म्हणू नये. अल्लादिया खाँसाहेब या गावात दरबारचे गायक होते. जयपूर घराण्याची ती गायकी इथल्या भिंतींनी वर्षानुवर्षं ऐकली. खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, म्हणजे रेकॉर्डींचा जमाना त्यांनी चांगला पाहिला. पण त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड बाजारात आली नाही. केसरबाईंच्या आहेत, मोगूबाईंच्या आहेत. त्यांत आम्ही खाँसाहेबांना शोधतो. माझे आजोबा केसरबाईंच्या तीन मिनिटांच्या रेकॉर्डीवर कान टेकवून म्हणायचे, ही तान बघ, ही खाँसाहेबांची. खरी होती का, कोण सांगणार?

आपल्याकडे निदान शिष्यांच्या गळ्यातून काही उरतं. जॅझमध्ये त्या रात्रीचा तो माणूस गेला की गेला. डॉल्फी १९६४ मध्ये गेला, छत्तिसाव्या वर्षी. न झालेल्या रेकॉर्डींची यादी कुणी करत नाही म्हणून ती लहान ठरत नाही.

रंकाळाकाठ

तळघर७८ यांचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

ॲबी लिंकनच्या बारा वर्षांवर माझ्याकडे उत्तर नाही. तेवढ्यापुरतं 'बरंच झालं' मागे घेतो. डॉल्फीबाबत मात्र नाही. त्याचं काम दुसरीकडेही झालं, आणि १९६४ मध्येच ब्लू नोटनं त्याच्याकडून जे करून घेतलं ते कुणाहून कमी नाही. माझ्या वाक्याचा एक भाग अजून सोडवत नाही. बुकर लिटल ऑक्टोबर १९६१ मध्ये गेला. वय तेवीस. 'आउट फ्रंट' त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये झाली. हेंटॉफ सावकाश, जपून, खप बघून पावलं टाकणारा असता तर या पोराला स्वतःच्या रचना घेऊन तेव्हा कुणी बोलावलं असतं का? ज्या लेबलानं आज हात आखडला नाही त्यालाच हे जमलं. उद्याची बेगमी करणारं लेबल आधी थांबायला सांगतं.

तिकटीवरचा

दादा, हात न आखडणं आणि बंद पडणं ह्या दोन गोष्टी आहेत. तुम्ही पहिलीचं कौतुक करताय आणि श्रेय दुसरीला देताय. हेंटॉफला आणखी चार वर्षं मिळाली असती तरी तो तसाच वागला असता. माणूसच तसा होता. पैसा ब्लायरचा होता आणि तो आटला, एवढंच झालं.

निवांत_संध्याकाळ

तिकटीवरचा यांच्याशी सहमत. आणि रंकाळाकाठ, 'आउट फ्रंट' काढलीत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्याकडे मोनो आहे का? माझी नंतरची छपाई आहे, तिच्यात ट्रम्पेट डावीकडे ढकलल्यासारखी वाटते.

रंकाळाकाठ

मोनो आहे. येत्या रविवारी अकराला या, आईंनाही घेऊन या. आधी तीच लावू. तिकटीवरचा, तू 'स्ट्रेट अहेड' आण, माझी गेल्या पावसाळ्यात वाकली.