मदत हवी आहे: अल्बम थोर, पण पहिलंच गाणं लंगडं

कॅसेटपेन्सिल

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा एक छोटा श्रवणकट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही, गाणं पुढे ढकलायचं नाही. नंतर चहा आणि भांडणं. पुढचे तीन महिने अल्बम निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी विषय घेतलाय: सुरुवात फसलेले उत्तम अल्बम.

हा किडा डोक्यात सोडला तो आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या 'आउट ऑफ टाइम'ने (१९९१). पहिलं गाणं 'रेडिओ साँग'. रेडिओवर तीच ती गाणी वाजतात अशी तक्रार करणारं गाणं. बँडचा गायक मायकेल स्टाइप हळवं काहीतरी गुणगुणतो, मग फंकी गिटार आणि ऑर्गन सुरू होतात, आणि शेवटाकडे केआरएस-वन हा जबरदस्त रॅपर येऊन तावातावाने बोलून जातो. दोघंही आपापल्या जागी थोर, पण इथे एकाच लग्नाला आलेले अनोळखी पाहुणे वाटतात. ते एकदाचं संपतं आणि पीटर बकचं मँडोलिन सुरू होतं: 'लूझिंग माय रिलिजन'. त्यानंतर 'लो', 'हाफ अ वर्ल्ड अवे', 'कंट्री फीडबॅक'. कुठून कुठे! (अवांतर: 'लूझिंग माय रिलिजन'चा तो गाजलेला व्हिडिओ जालंधरला जन्मलेल्या तरसेम सिंगने केलाय, हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं की अजून दोघं तरी दचकतात.)

तर आणखी नावं हवी आहेत. अटी जरा कडक आहेत. अल्बम खरंच मोठा हवा, फक्त तुमचा लाडका असून चालणार नाही. पहिलं गाणं बाकीच्यांच्या तुलनेत कमी पडणारं हवं. नुसतं संथ, शांत किंवा छोटं आहे म्हणून ते कच्चं ठरत नाही. आणि ते पहिलं का ठेवलं असावं याबद्दल काही माहिती असेल तर सोन्याहून पिवळं, कारण चहाच्या वेळी मला तेच विचारणार आहेत.

जाणकारांनी मदत करावी.

रानफूल

बॉब डिलनचा 'ब्लाँड ऑन ब्लाँड' (१९६६). दुसरं नाव सुचणारच नाही मला.

'रेनी डे विमेन'. ट्रॉम्बोन, ढोल, मागे खिदळणारी माणसं, जणू रात्री उशिरा वरातीतला बँड घरी निघालाय. पहिल्यांदा गंमत वाटते, तिसऱ्यांदा हात पुढे जातो. आणि याच अल्बमवर दोनच गाण्यांनंतर 'व्हिजन्स ऑफ जोहाना' आहे! साडेसात मिनिटांचं गाणं, एक ओळ फालतू नाही.

कारण विचाराल तर साधं आहे. 'रेनी डे विमेन' आधी सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, बाहेर आलं होतं. 'स्टोन्ड' (म्हणजे 'नशेत' असाही अर्थ) शब्दावरून काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, तरी अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच हवं असणार. ते त्याला लगेच ऐकवलं.

गुळपोळी

रानफूल यांच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

सम_आणि_खाली

मला या धाग्याचा पायाच पटला नाही. आपल्याकडे मैफल कशी सुरू होते? विलंबित ख्यालाने. पहिली पाच मिनिटं ऐकून 'सुरुवात लंगडी' म्हणणारा माणूस द्रुत येईपर्यंत टिकत नाही, तो त्याचा तोटा. गवय्याने आल्या आल्या भैरवी गायची का? पहिल्या गाण्याने कान तयार करायचे असतात, टाळ्या घ्यायच्या नसतात. तुमच्या श्रोत्यांना धीर नाही, त्याचं खापर अल्बमवर कशाला?

कॅसेटपेन्सिल

सम_आणि_खाली, मुद्दा मान्य, म्हणूनच संथपणा अटींमधून आधीच वगळलाय. पण 'रेडिओ साँग' विलंबित नाही हो. पुढे जे राग-रंग येणार आहेत त्यांचा एक स्वर त्यात लागत नाही. आलापीत रागाची ओळख होते. इथे मारवा गायला बसलेल्या माणसाने आधी काफीतली होरी म्हणून घेतल्यासारखं झालंय.

सम_आणि_खाली

हे पटलं. 😀 तरी माझा मुद्दा तुमच्या कट्ट्यावर मांडाच.

सुईखालची_धूळ

इथे सगळे 'पहिलं गाणं' म्हणतायत, पण एलपीला, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या मोठ्या तबकडीला, दोन पहिली गाणी असतात हे विसरू नका. सीडी आणि फोनवर ऐकणाऱ्यांना हे चटकन लक्षात येत नाही.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५० सेंटीमीटरच्या आसपास सरकते, तर लेबलाजवळ आत आल्यावर जेमतेम २०. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. आत गेलं की उंच स्वर चरचरतात, खर्जाला जागा पुरत नाही. म्हणून दणदणीत गाणी कडेला, म्हणजे बाजूच्या सुरुवातीला, आणि शांत गाणी आत, असा रिवाज होता. पीटर गेब्रिएलचा 'सो' (१९८६) घ्या. 'इन युअर आइज' त्याला शेवटी हवं होतं. खर्ज भरपूर असल्याने एलपीवर ते दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आलं. २००२च्या आवृत्तीत मग त्याने ते शेवटी नेलं.

याचा तुमच्या विषयाशी संबंध असा की गाण्यांचा क्रम ही दर वेळी कलावंताची इच्छा नसते. कंपनी, लेथवर (खाच कोरणाऱ्या यंत्रावर) बसलेला माणूस आणि तबकडी, तिघांचाही त्यात हात असतो.

आणि 'आउट ऑफ टाइम'बद्दल एक गंमत. त्याच्या दोन बाजूंना 'टाइम साइड' आणि 'मेमरी साइड' अशी नावं आहेत. मेमरी साइड कशाने सुरू होते? 'शायनी हॅपी पीपल'ने! ज्या गाण्याला २००३च्या निवडक संग्रहात बँडने स्वतःच जागा दिली नाही, त्याने. म्हणजे अकरा गाण्यांच्या अल्बममध्ये दोन सुरुवाती, दोन्ही फसलेल्या, आणि तरी अल्बम उभा. असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

कॅसेटपेन्सिल

दंडवत! हे कट्ट्यावर जसंच्या तसं सांगणार. आता तो एलपीवरच ऐकवायला हवा, मध्ये उठून बाजू पलटायची म्हणजे दुसरी सुरुवात कानाला जाणवेल.

डुक्करगाडी

पिंक फ्लॉइडचा 'ॲनिमल्स' (१९७७). 'पिग्स ऑन द विंग'चा पहिला भाग. बँडमधला रॉजर वॉटर्स, एक गिटार, दीड मिनिटाचं प्रेमगीत. त्यानंतर सतरा मिनिटांचं 'डॉग्स'.

छोटं आहे म्हणून अटीत बसत नाही म्हणाल, पण माझं म्हणणं ऐका. ते गाणं दोन तुकड्यांत अल्बमच्या दोन टोकांना आहे. तेव्हाच्या एट-ट्रॅक कार्ट्रिजमध्ये टेप गोल फिरत राहायची, शेवट संपला की पुन्हा सुरुवात. त्या आवृत्तीसाठी दोन तुकडे स्नोई व्हाइटच्या गिटारने जोडले होते. ते जोडलेलं गाणं ऐका, पूर्ण वाटतं. एलपीवरचा सुटा पहिला तुकडा मला अजूनही अर्धवट वाटतो.

अवांतर: मानधन गाण्यांच्या संख्येवर वाटलं जायचं. त्यामुळे वॉटर्सच्या या दोन चिमुकल्या तुकड्यांची दोन गाणी मोजली गेली आणि बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याचा मोठा वाटा असलेलं 'डॉग्स' मात्र एकच. यावरूनही बरंच वाजलं होतं.

कॅसेटपेन्सिल

माहिती झकास, पण नाव बाद. तो तुकडा शेवटी परत आल्यावर सुरुवातीचा अर्थ लागतो. ज्याचा अर्थ शेवटी लागतो ते कच्चं कसं म्हणू?

डुक्करगाडी

निषेध.

टोरांटोची_मावशी

स्टीव्ही वंडर, 'टॉकिंग बुक' (१९७२).

माझ्यावर लोक तुटून पडणार, कारण 'यू आर द सनशाइन ऑफ माय लाइफ' सगळ्यांना आवडतं. पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याला ग्रॅमी मिळालं, आमच्याकडे अजून प्रत्येक लग्नात वाजतं. वाईट गाणं नाहीच ते. पण त्या अल्बमवर ते साखरेच्या पाकातलं आहे आणि बाकी सगळं तिखट-आंबट. आणखी एक बघा: गाण्याच्या पहिल्या ओळी स्टीव्ही गातच नाही! आधी जिम गिलस्ट्रॅप, मग लानी ग्रोव्ह्ज, आणि त्यानंतर कुठे स्टीव्हीचा आवाज येतो. ज्याचा अल्बम तो स्वतःच उशिरा येतो. वर धूळ यांनी सांगितलं तसं दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं बघितलंत तर ते 'सुपरस्टिशन' आहे. क्लॅव्हिनेट या कीबोर्डचा तो ठेका! बाजू उलट लावून ऐका, अल्बमचा चेहराच बदलतो.

बोंबील_फ्राय

बीटल्स. 'रबर सोल'. 'ड्राइव्ह माय कार'. पळालो.

रानफूल

बोंबील, परत या आणि बोला. 'ड्राइव्ह माय कार' कच्चं? तो बास, ती काउबेल?

बोंबील_फ्राय

आलो. गाणं कच्चं नाही, जागा चुकली आहे. 'रबर सोल' म्हणजे 'नॉर्वेजियन वुड', 'गर्ल', 'इन माय लाइफ'. सगळं लाकडी, घरगुती आवाजाचं. त्याआधी मोटारीची थट्टा कशाला? हे फक्त माझं मत नाही. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल या कंपनीने हाच अल्बम काढला तेव्हा 'ड्राइव्ह माय कार' उचलून बाजूला ठेवलं आणि इंग्लंडच्या 'हेल्प!'वरचं 'आय हॅव्ह जस्ट सीन अ फेस' पहिलं लावलं. त्यानंतर लगेच 'नॉर्वेजियन वुड'मधली जॉर्ज हॅरिसनची सतार. आणि बीच बॉइजचा ब्रायन विल्सन ज्या 'रबर सोल'ने झपाटून 'पेट साउंड्स' या अल्बमकडे वळला, तो हा अमेरिकन.

कंपनीने धंद्यासाठी केलेली मोडतोड असली तरी या एका बाबतीत कॅपिटॉलचा कान बरोबर होता. आता खरंच पळतो.

सुईखालची_धूळ

कॅपिटॉलचा कान बरोबर असतो तर त्यांनी त्याच फटक्यात 'नोव्हेअर मॅन' गाळलं नसतं.

पावशेर

यू-टू, 'आक्टुंग बेबी', 'झू स्टेशन'. सुरुवातीचा खरखराट ऐकून स्पीकर गेला असं वाटतं.

कॅसेटपेन्सिल

ते तर मुद्दाम केलंय. लोकांना वाटावं की तबकडी बिघडली किंवा भलत्याच बँडची मिळाली, हाच हेतू होता. आणि गाणं उत्तम आहे. बाद.

गुळपोळी

हिंदी-मराठी काहीच नाही का?

कॅसेटपेन्सिल

गुळपोळीताई, शोधलं. 'सैराट' 'याड लागलं'ने सुरू होतो, तिथे खोट काढायला जागाच नाही. 'गारवा'त गाण्याआधी सौमित्रचा आवाज येतो, तो तर लोकांना पाठ आहे. शिवाय चित्रपटाच्या गाण्यांत क्रम पडद्यावरून किंवा विक्रीवरून ठरतो, कॅसेट आणि सीडीवर वेगळा असायचा. अल्बम म्हणून बांधलेलं काही सुचलं तर जरूर सांगा.

नेक्स्ट_नेक्स्ट

एवढी चर्चा कशाला? शफल लावा, गाणी कुठल्याही क्रमाने वाजतील. पहिलं गाणं हा प्रकारच उरत नाही.

टोरांटोची_मावशी

बाळा, २०२१ मध्ये अॅडेलने हट्ट धरून स्पॉटिफायला अल्बमच्या पानावरचं ते आपोआप शफल होणारं बटण काढायला लावलं. तुझ्यासाठीच.

कॅसेटपेन्सिल

सर्वांचे आभार. तीन नावं पक्की केली: 'आउट ऑफ टाइम' (एलपीवर), 'टॉकिंग बुक' आणि 'ब्लाँड ऑन ब्लाँड'. 'रबर सोल' वेगळ्या बैठकीला, दोन्ही आवृत्त्या समोरासमोर. बोंबील यांनी यायचं, संरक्षण मिळेल.

एकच शंका उरली. 'ब्लाँड ऑन ब्लाँड' सव्वा तासाच्या आसपास आहे आणि आमची मंडळी साठीच्या पुढची. मध्यंतर कुठे घ्यावं?

रानफूल

दोन तबकड्या, चार बाजू आहेत. तिसरी बाजू संपल्यावर. चौथ्या बाजूवर 'सॅड आइड लेडी' एकटंच आहे, अकरा मिनिटांचं. त्याआधी सगळ्यांचे गुडघे मोकळे करून घ्या. चहा मात्र तेव्हा देऊ नका, कपबशांचा आवाज होतो.