ईसीयू बदलला, गाडी सुरू होत नाही. तातडीने मदत हवी आहे

चोर्ल्याचा_वाटसरू (मंगळवार, रात्री ११:१०)
लोकहो, अडकलोय. पॉवर वाढवायची म्हणून ९० वाला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणला आणि रविवारी बसवला. सॉकेट तेच, खटकन बसलं. चावी फिरवली तर स्टार्टर गरगर फिरतो, इंजिन काही धरत नाही. बॅटरी नवी आहे. डिझेल आहे. चवथ नऊ दिवसांवर आली, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायचंय, पाहुणे आणायचेत, सगळं याच गाडीवर. 'शोरूमला घेऊन जा' हे कृपया कोणी सांगू नका. ज्याने स्वतः केलंय त्यानेच सांगा, कुठलं सेटिंग राहिलं?

काजूबोंडू
कुठली गाडी?

मिस्त्री_म्हापसा
गाडी कुठली, साल कुठलं, दोन्ही ईसीयूंच्या स्टिकरवरचे नंबर काय? आणि '९० वाला' म्हणजे काय, नव्वद रुपयांचा?

पेडणेकर०३
बॅटरीचं निगेटिव्ह काढून वीस मिनिटं ठेव. परत लाव. माझ्या गाडीचं सेंट्रल लॉक असंच ठीक झालं होतं.

चोर्ल्याचा_वाटसरू
डिझेल आहे म्हटलं ना वर. पुंटो, दुसरी कुठली? ९० म्हणजे ९० एचपी. माझी ७६ ची आहे, २०१२ ची. @पेडणेकर रात्रभर काढून ठेवली होती, काही फरक नाही.

काजूबोंडू
'डिझेल आहे' म्हणजे टाकीत डिझेल आहे असं वाटलं मला 😄

मिस्त्री_म्हापसा
मग कारण सरळ आहे, सेटिंगबिटिंग काही नाही. फियाटमध्ये चावीतली चिप, बॉडी कॉम्प्युटर आणि इंजिनचा ईसीयू, या तिघांचं आपसात ठरलेलं असतं. कोराकरकरीत ईसीयू लावला तर पहिल्यांदा चावी ऑन होताच तो बॉडी कॉम्प्युटरकडून कोड शिकतो आणि मग जन्मभर त्याचाच होतो. तू आणलास तो दुसऱ्या गाडीतला, म्हणजे आधीच लग्न झालेला. तुझ्या गाडीचा कोड त्याला परका, म्हणून तो डिझेल फवारणारे इंजेक्टर उघडतच नाही. स्टार्टरला या भानगडीशी देणंघेणं नाही, तो फिरणार. मीटरमध्ये इमोबिलायझरचा (चोरीविरोधी कुलपाचा) दिवा जळत राहतो का ते बघ.
नंबर अजून दिले नाहीस.

बेळगावकर_बाप्पू
असं काही नसतंय हो. मी माझ्या स्विफ्टला स्क्रॅपमधला ईसीयू घातला, पहिल्या चावीत चालू. दोन वर्षं झाली. मिस्त्री लोक उगाच घाबरवतात.

मिस्त्री_म्हापसा
बाप्पू, त्या ईसीयूबरोबर आणखी काय आणलं होतंत?

बेळगावकर_बाप्पू
लॉकसेट पूर्ण आणला होता. चावी, सिलिंडर, तो छोटा डबा पण.

मिस्त्री_म्हापसा
मग बरोबर. अख्खं कुटुंबच आणलंत तुम्ही. याने फक्त नवरा आणलाय.

कायदेबाज
धागाकर्त्याने आधी मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाचावं. आरसीवरच्या, म्हणजे कंपनीने दिलेल्या तपशिलाशी फारकत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ आलं, मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला न कळवता इंजिनची ताकद वाढवली आणि अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी काय उत्तर देणार?

काजूबोंडू
गाडी सुरूच होत नाही हो. अपघात कसा करणार?

निवृत्त_पण_चालू
फियाट म्हणताच राहवलं नाही. आमच्याकडे पद्मिनी होती. झुआरीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट, कुठ्ठाळीला फेरीसाठी रांग. रांगेतच गाडी बंद पडली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट काळे पडलेले. पॉलिश पेपरने घासले, गॅप लावायला फीलर गेज नाही म्हणून काडेपेटीच्या खोक्याचा तुकडा घातला. फेरी धक्क्याला लागायच्या आत गाडी सुरू. आता म्हणे चावीने कॉम्प्युटरला विचारायचं आणि कॉम्प्युटरने दुसऱ्या कॉम्प्युटरला. हा ईसीयू नक्की करतो तरी काय?

डिझेलडोकं
काका, तुमचा डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर मिळून जे करायचे तेच, फक्त मोजून. हवा किती आली, रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत) दाब किती, इंजिन किती गरम, पाय किती दाबलाय हे सगळं बघून डिझेल केव्हा आणि किती सोडायचं ते ठरवतो. त्यासाठी आत तक्ते असतात. रीमॅप म्हणजे त्या तक्त्यांतले आकडे बदलणं. पाय अमुक दाबला तर किती टॉर्क मागायचा, धूर येऊ नये म्हणून डिझेल कुठे आवरायचं, बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) किती, गिअरबॉक्स वाचवायला टॉर्क कुठे थांबवायचा. सगळे एकमेकांत गुंतलेले. एकच वाढवला की दुसरा येऊन अडवतो.

आता मूळ प्रश्न. मिस्त्री म्हणतात तो कोडचा भाग खरा, पण समजा कोड जुळला तरी हे लग्न टिकणार नाही. ७६ आणि ९० दोन्ही १२४८ सीसीचे मल्टीजेट, मान्य. पण ९० मध्ये (कागदावर ९३ पीएस, २०९ एनएम) टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा आहे, आत पाती फिरतात आणि त्यांना ईसीयू हलवतो. तुझ्या ७६ मध्ये (१९७ एनएम) साधा टर्बो, वेस्टगेटवाला, पाती नाहीत. हा ईसीयू नसलेली पाती हलवत बसणार, मागितलेला बूस्ट मिळत नाही म्हणून एरर टाकणार आणि गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला मुद्दाम कमी ताकद). म्हणजे आहे त्या ७६ पेक्षाही कमी. ताकद डब्यात नसते रे, लोखंडात असते. डबा फक्त मागतो.

बूस्ट_बाबुश
एवढा खटाटोप कशाला? पॉवर वाढवायचा बॉक्स लाव. रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत मध्ये घालायचा, दहा मिनिटांचं काम, ईसीयूला हात लावायचा नाही. मी तीन गाड्यांना लावलाय. क्लिप काढली की गाडी कंपनीसारखी.

डिझेलडोकं
तो बॉक्स ईसीयूला खोटं सांगतो, दाब कमी आहे म्हणून. ईसीयू दाब वाढवतो. किती वाढलाय हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा रीमॅप बरा, निदान ईसीयू शुद्धीत असतो.

बूस्ट_बाबुश
तीन गाड्या, पात्रांव. तीन. एकीनेही तक्रार केलेली नाही.

डिझेलडोकं
गाड्या तक्रार करत नाहीत, क्लच करतो.

बूस्ट_बाबुश
एकीचा क्लच बदलला, पण तो जुनाच होता.

चोर्ल्याचा_वाटसरू (बुधवार, सकाळी ७:०५)
लोकहो, बॉक्स-बिक्स नको. हो, दिवा जळतो, चावीचं चित्र आहे. मग आता कोड कसा जुळवायचा तेवढंच सांगा. माझ्याकडे ब्लूटूथवाला स्कॅनर आहे. साडेनऊ हजार मोजलेत.

मिस्त्री_म्हापसा
ब्लूटूथच्या खेळण्याने होत नाही. डबा बाहेर काढून टेबलावर वाचावा लागतो, आतला कोड पुसून कोरा करावा लागतो. दुसरा रस्ता क्लोनचा. तुझ्या मूळ ईसीयूतलं सगळं जसंच्या तसं यात उतरवायचं. पण त्यासाठी हार्डवेअर नंबर जुळायला हवा, आणि उतरवलंस तर तो ७६ चाच झाला, मग साडेनऊ हजार कशाचे? काही मंडळी चिनी नकली टूल घेऊन लॅपटॉपवर हे घरी करतात. लिहिताना मध्येच व्होल्टेज पडलं किंवा टूल अडकलं की डबा वीट होतो, म्हणजे कायमचा निकामी. आमच्याकडे लिहिताना बॅटरीला सप्लाय लावलेला असतो, आणि पाऊस-विजा चालू असतील तर आम्ही हात लावत नाही. गोव्यात वीज कधी जाईल सांगता येतं का?
आणि इंजेक्टरचे कोड वेगळे असतील तर तेही भरावे लागतात.
नंबर. तिसऱ्यांदा विचारतोय.

वाळपईचा_पाऊस
चोर्ल्याचं नाव दिसलं म्हणून आलो. घाटात झाड पडलं होतं ते काढलं का? शनिवारी जायचंय.

बेळगावकर_बाप्पू
काढलंय. पण केरीच्या वरच्या वळणांवर खड्डे आहेत, रात्री येऊ नका.

काजूबोंडू
@वाटसरू डबा आणलास कुठून? बेळगाव-कोल्हापूरकडचा स्क्रॅप असेल तर २०१९ च्या पुरातल्या गाडीचा नाही ना? सॉकेटच्या पिना बघितल्यास का?

चोर्ल्याचा_वाटसरू
बेळगावचाच आहे. आता काढून टॉर्च मारून बघितला. एका कोपऱ्यात दोन पिनांवर हिरवट पावडर आहे, मीठ साठल्यासारखी. नखाने खरवडली तर निघाली, खाली पिन खडबडीत. स्टिकर अर्धा गेलाय, म्हणून नंबर देत नव्हतो. विकणारा म्हणाला होता, 'गाडी मागून ठोकलेली, पुढचं सगळं मख्खन.'

मिस्त्री_म्हापसा
मख्खन नाही, मीठच आहे. पाणी गेलंय त्यात. तो डबा परत गाडीला लावू नकोस, आत कुठे शॉर्ट झाला तर तुझं वायरिंगही नेईल. तुझा मूळ डबा आहे ना शाबूत? विकला नाहीस ना?

चोर्ल्याचा_वाटसरू
आहे, कपाटात.

डिझेलडोकं
देव पावला. बॅटरी काढून मूळ डबा परत बसव. आणि एक सांग, हे तुला कोणी विचारलंच नाही. पॉवर हवीच कशाला होती? २०१२ ते आत्तापर्यंत ७६ मध्ये चालवलीस, आताच कमी का पडायला लागली?

चोर्ल्याचा_वाटसरू
घाटात ओढत नाही म्हणून! पूर्वी अंजुणे धरणापासून वर तिसऱ्यात मस्त जायची. दोन महिने झाले, दुसरा टाकावा लागतो, मागे काळा धूर, ट्रक ओव्हरटेक करून जातात. साखळी गावात एकजण म्हणाला ७६ मध्ये दम नाही, ९० चा डबा घाल.

डिझेलडोकं
अरे मग हे आधी सांगायचं! गाडीची ताकद गेलीय, कमी नव्हती. स्कॅनरवर एररचा काही कोड आला होता का?

चोर्ल्याचा_वाटसरू
आला होता एक, पी०२९९. मी पुसला. परत आला, परत पुसला.

मिस्त्री_म्हापसा
🤦 पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी. टर्बो हवा दाबतोय, ती वाटेत कुठेतरी गळतेय. ईसीयूच्या हिशेबात हवा आत आली, डिझेल त्या मापाने सोडलं, हवा पोचलीच नाही, म्हणून काळा धूर. मूळ डबा लावून गाडी सुरू कर, बॉनेट उघडं ठेव, कोणाला तरी रेस द्यायला सांग. टर्बोपासून इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपवर हात फिरव, जोडाजवळ खालच्या बाजूने, जिथे दिसत नाही तिथे. तेलकट काळं लागलं तर तिथेच. गरम असतो, जपून.

कायदेबाज
पाइप बदलायला कलम ५२ आड येत नाही.

पेडणेकर०३
बॅटरीचं निगेटिव्ह मात्र एकदा काढून बघच.

चोर्ल्याचा_वाटसरू (बुधवार, संध्याकाळी ६:४०)
मूळ डबा लावला. पहिल्या सेल्फला सुरू. भाच्याला रेस द्यायला बसवलं. खालचा पाइप, क्लिपपासून दोन बोटांवर, बोटभर चीर. रेस दिली की ओठ उघडल्यासारखी उघडते आणि फुस्स करते, सोडली की मिटते. वरून बघितलं असतं तर जन्मात दिसली नसती. हात कोपरापर्यंत काळा. फोंड्यात फोन केला, पुंटोचा पाइप तयार नाही, चार दिवस म्हणाले. तोवर काय करू? फेव्हिक्विक?

मिस्त्री_म्हापसा
फेव्हिक्विक नको. चीर क्लिपच्या जवळ आहे म्हणतोस ना? पाइपला लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापून टाक आणि क्लिप पुढे घे. नाहीतर रेडिएटर होजचा तुकडा त्याच व्यासाचा, वर दोन जुबली क्लिप. गावात फिरायला पुरेल, घाट चढू नकोस. आणि कोड आता पुसलास तर चालेल.

निवृत्त_पण_चालू
आम्ही सायकलची ट्यूब गुंडाळायचो.

बूस्ट_बाबुश
पाइप झाल्यावर बॉक्सचं बघ. ओळखीत कमी करून देतो.

काजूबोंडू
वाटसरू, तो ९० चा डबा आता काय करणार? माझ्या भावाची लिनिया आहे, ९० ची, ईसीयू गेलाय. पिना साफ करून बघायला पाहिजे. दोन हजार देतो.

चोर्ल्याचा_वाटसरू
दोन हजार? साडेनऊला घेतलाय.

काजूबोंडू
मीठ घातलेला. अडीच. पण स्टिकरवर उरलेत तेवढे आकडे तरी आधी टाक.