पाच व्होल्टात दहा लेव्हल का नाही बसवत?

केळीबाग_जळगाव
राम राम मंडळी. ०-५ व्होल्टच्या एका वायरवर दहा लेव्हल ठेवल्या तर अख्खा दशमान अंक जातो. मग प्रोसेसर ०-१ वरच का अडून बसलाय? तीन लेव्हल सगळ्यांत स्वस्त पडतात असंही म्हणतात. चार लेव्हलसाठी एलएम३३९ आयसीचे तीन कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांत मोठं कोणतं ते सांगणारे) ५ व्होल्टवर लावलेत, पण सगळ्यांत वरची लेव्हल कधी लागते, कधी नाही.

भुसावळ_यार्ड
भो, आधी सर्किट. एलएम३३९ चं इनपुट सप्लायपेक्षा १.५ व्होल्ट खाली राहायला हवं, म्हणजे ५ वर ३.५ पर्यंतच. तुझा वरचा उंबरठा, म्हणजे कंपॅरेटर पलटतो तो व्होल्टेज, ४.१७ चा. दोन्ही इनपुट हद्दीबाहेर गेले की आउटपुटचा भरवसा नाही. आयसीला १२ व्होल्ट दे, आउटपुट वर ओढणारा १० के (किलोओहम) चा पुलअप रेझिस्टर मात्र ५ व्होल्टलाच. रेफरन्सला, म्हणजे उंबरठ्यांच्या व्होल्टेजसाठी, ५ व्होल्ट ते ग्राउंड १० के चे सहा रेझिस्टर एका रांगेत लाव. खालून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यानंतर ०.८३, २.५, ४.१७ मिळतील. एक टक्कावालेच घे.

आता जागा मोज. दोन लेव्हलला उंबरठ्याच्या दोन्हीकडे २.५ व्होल्ट मोकळे, चारला ०.८३, दहाला जेमतेम ०.२८. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतो. आपल्याकडे थंडीतल्या १० अंशांपासून मेमधल्या ४५ पर्यंत ७० मिलिव्होल्ट तिथेच गेले. पंपाचा स्टार्टर पडल्यावर काय होतं ते वेगळंच.

पांझरा_काठ
खरी मेख मात्र पुढच्या गेटला, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या लॉजिक सर्किटला आहे. सीमॉस इन्व्हर्टर म्हणजे दोन ट्रान्झिस्टरचं, ० चा १ आणि १ चा ० करणारं गेट. त्याचा गेन (इनपुट थोडं हललं की आउटपुट किती हलतं ते) मधोमध जास्त, टोकांना जवळपास शून्य. म्हणून ०.६ व्होल्टचा मळका शून्य आत गेला तरी बाहेर स्वच्छ ५ येतो. लाखो गेटांतून गेलं तरी चूक साठत नाही. चार लेव्हलला प्रत्येक गेटात जिन्यासारखा वक्र लागतो, म्हणजे ट्रान्झिस्टर वाढले. शिवाय टोकाला दोघांपैकी एक ट्रान्झिस्टर बंद असतो, मधल्या लेव्हलला दोन्ही अर्धवट चालू. सप्लायपासून ग्राउंडपर्यंत करंट वाहतच राहतो, चिप तापते.

तापीपार
तीनच्या स्वस्ताईचा हिशोब करून बघा, खर्च म्हणजे अंकांची संख्या गुणिले लेव्हल. दहा लाख संख्यांसाठी दशमानात ६ अंक गुणिले १० म्हणजे ६०, द्विमानात २० गुणिले २ म्हणजे ४०, त्रिमानात १३ गुणिले ३ म्हणजे ३९. एका आकड्याच्या फायद्यासाठी एवढा खटाटोप! मॉस्को विद्यापीठात १९५८ मध्ये सेतुन नावाचं त्रिमान यंत्र झालं, सुमारे ५० बनलीही. पण एका अंकाला दोन चुंबकी कोअर लागत, ज्यांत दोन बिटं मावली असती.

जास्त लेव्हल फक्त डेटाच्या साठवण आणि वाहतुकीत परवडतात. फ्लॅश मेमरीत टीएलसी प्रकारच्या (सेलमागे तीन बिटं) एका सेलमध्ये ८, क्यूएलसीत (चार बिटं) १६. तिथे सावकाश वाचायला, चूक दुरुस्त करायला सवड असते. गेटाला ती नसते.

केळीबाग_जळगाव
१२ दिल्यावर वरची लागली. आता उंबरठ्याजवळ आउटपुट फडफडतं.

भुसावळ_यार्ड
हिस्टेरेसिस दे, म्हणजे चढताना आणि उतरताना उंबरठा थोडा वेगळा ठेव. सिग्नल प्रत्येक कंपॅरेटरच्या प्लसला वेगळ्या १० के मधून, आउटपुटहून प्लसला १ मेगओहम. साधारण ५० मिलिव्होल्ट मिळतील. तिघांना एकच १० के दिलास तर एकाचा फीडबॅक दुसऱ्याला हलवेल. रेफरन्सच्या तिन्ही टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही लाव.