एम.टेक.च्या प्रबंधासाठी मेडिकल इमेजिंगमधला विषय सुचवा

निळीशाई: प्रबंधाला अजून वर्ष आहे. मशीन लर्निंग वैद्यकीय चित्रांवर वापरायचंय एवढं पक्कं. कॅगल या डेटासेटच्या संकेतस्थळावरचे छातीचे एक्स-रे घेऊन न्यूमोनिया ओळखावा असं डोक्यात आहे, डेटा आयता मिळतो म्हणून. घरी ग्राफिक्स कार्ड नाही, गूगलच्या कोलॅबवर (ब्राउझरमधून वापरायचा दूरचा संगणक) भागवावं लागेल. विषय बरा आहे का? दुसरं काही सुचवाल?

कातळशिल्प: तो विषय नका घेऊ. त्यातले एक्स-रे चीनमधल्या ग्वांगझूच्या १ ते ५ वर्षांच्या मुलांचे आहेत आणि व्हॅलिडेशनच्या (शिकताना मॉडेल पडताळण्याच्या) फोल्डरमध्ये अवघी १६ चित्रं. कोविडच्या काळात कित्येकांनी हीच मुलं 'कोविड नाही' या गटात टाकली आणि कोविडच्या गटात मोठी माणसं. मॉडेल लहान-मोठं ओळखायला शिकलं, आजार राहिला बाजूला. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांच्या पुढाकाराने कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांवरच्या ६२ शोधनिबंधांची छाननी झाली, दवाखान्यात वापरण्याजोगं एकही मॉडेल निघालं नाही.

डोळ्याकडे वळा. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर (रेटिनावर) होणाऱ्या बिघाडाचा 'इड्रिड' हा डेटासेट आपल्या नांदेडचा आहे. ५१६ चित्रं, त्यातल्या ८१ चित्रांवर प्रत्येक डाग पिक्सेलनुसार रेखलेला. इतकं बारीक काम फार कमी ठिकाणी मोफत मिळतं.

शेवंती: मी नेत्रतज्ज्ञ आहे. कातळशिल्प यांना अनुमोदन, पण एक सांगते. आजाराच्या पहिल्या पायरीला पडद्यावर फक्त मायक्रोॲन्युरिझम दिसतात, सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. निरोगी डोळा आणि पहिली पायरी यांतला फरक तेवढाच. इड्रिडचं चित्र ४२८८ × २८४८ पिक्सेलचं असतं. तुम्ही मंडळी ते २२४ × २२४ करून मॉडेलला देता, तेव्हा नेमके तेच ठिपके पुसले जातात! मग अचूकता कितीही येवो, आम्हाला त्याचा उपयोग नाही. चित्र लहान करू नका, तुकडे करा.

निळीशाई: खूप आभार, ताई. पण ८१ चित्रांत मॉडेल शिकेल?

कातळशिल्प: शिकेल. यू-नेट हे चित्रातला नेमका भाग रेखणारं मॉडेल २०१५ मध्ये आलं तेच मुळी मोजक्या चित्रांवर शिकण्यासाठी. एकेका चित्रातून शेकडो तुकडे निघतात, कोलॅबला झेपेल. ५४ चित्रं शिकवायला आणि २७ तपासायला अशी विभागणी आधीच केलेली आहे, ती मोडू नका. ५४ मधली काही चित्रं व्हॅलिडेशनला ठेवाल ती तुकडे करण्याआधीच बाजूला काढा, नाहीतर एकाच डोळ्याचे तुकडे दोन्हीकडे जातील आणि निकाल खोटा चांगला येईल.

अचूकतेचा आकडा तर छापूच नका. ठिपके इतके थोडे असतात की 'कुठेच काही नाही' म्हणणारं मॉडेलही ९९ टक्क्यांच्या वर जातं. प्रिसिजन (दाखवलेल्या ठिपक्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्यांपैकी सापडले किती) यांच्या वक्राखालचं क्षेत्रफळ द्या. वेळ उरला तर फ्रान्सच्या 'मेसिडॉर' या अशाच डेटासेटमधली चित्रंही त्याला दाखवा, दुसऱ्या कॅमेऱ्यावर टिकतं का ते कळेल.

शेवंती: आणि मॉडेलने चुकवलेली चित्रं वेगळी काढून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी बसून कुठे काय आहे ते खुणा करून देईन.