तुमच्या पुस्तकात लांडग्याचं काय झालं? (लाल टोपीवालीचे अनुभव)

परवा माळ्यावरची पेटी उघडली तर लिटल रेड रायडिंग हूड सापडलं, बाबांनी फोर्टच्या फुटपाथवरून आणलेलं, कडा कुरतडलेल्या. त्याची शेवटची पानं आमच्याकडे आलं तेव्हापासूनच गायब होती, म्हणजे लांडगा आजीला खातो, मग लाल टोपीवालीला खातो, संपलं. शाळेत मैत्रीण म्हणाली नंतर शिकारी येऊन वाचवतो तर मी चक्क भांडले तिच्याशी, माझ्याकडे पुस्तक होतं ना! कॉलेजात गेल्यावर कळलं की फ्रेंच लेखक शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापली तेव्हा गोष्ट खरंच तिथेच संपते, शिकारी येतो तो जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात. म्हणजे भांडण फुकट नव्हतं. तुमच्याकडे कोणतं पुस्तक होतं, चित्रं कशी होती, येऊ द्या अनुभव.

---

आजीची झालरवाली टोपी घालून पांघरुणात बसलेला लांडगा!! दादाने आणि मी त्या पानाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवला होता, आई वाचत चिमट्यापाशी आली की दोघांची तोंडं उशीत. आता वाटतं दातांची नाही, त्या टोपीचीच भीती होती. मोठेपणी फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरेचं १८६२ चं चित्र बघितलं, ती त्याच्या शेजारी त्याच पलंगावर, एकटक बघतेय त्याच्याकडे. चिमटा पुरला नसता.

---

आम्ही जर्मनीत कासेलला असतो, ग्रिम बंधूंचंच गाव म्हणा ना. लेकीच्या बालवाडीत फाशिंगला, म्हणजे इथल्या कार्निव्हलला, वेश करून जायचं होतं, मी हौसेने लाल झगा मागवला, मागे हूड वगैरे, तर ही रडायलाच लागली, आई हे चुकीचंय. तिचं पुस्तक आणून दाखवलं. खरंच की, जर्मन गोष्टीत झगाबिगा नाहीच, लाल मखमलीची छोटी टोपी आहे, नावच मुळी रोटकेप्शेन, लाल टोपुली. इथून दक्षिणेला श्वाल्म भाग आहे तिथल्या पारंपरिक वेशात लग्न न झालेल्या मुली अंबाड्यावर लाल इवलीशी टोपी घालायच्या, लग्न झालं की हिरवी, विधवा झाली की काळी. आपल्याकडच्या कुंकवाची आठवण झाली, चांगलं वाटलं असं नाही. असो, शेवटी झग्याचं हूड कापून टोपी शिवली, हाताने, रात्री साडेअकराला.

---

वाईनचा किस्सा कोणी कसा नाही लिहिला? ग्रिमच्या गोष्टीत ती आजारी आजीला केक आणि वाईन घेऊन जाते. आम्ही कॅलिफोर्नियात, लायब्ररीतून चित्रकार ट्रिना शार्ट हायमनची आवृत्ती आणली होती, १९८३ ची, काय चित्रं आहेत, प्रत्येक पानाला नक्षीची चौकट. त्यात टोपलीत बाटली स्पष्ट दिसते, आणि १९९० मध्ये इथल्याच कल्व्हर सिटीत शाळांच्या यादीतून ते पुस्तक काढलं होतं त्या बाटलीपायी. लांडगा माणसं गिळतो ते चालतं! आमच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या त्या नातीला मराठीत सांगायच्या, बाटलीपाशी एक सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि आजीसाठी काढा". पुढे नात सर्दी झाली की काढा बिनतक्रार प्यायची.

---

मला लांडग्याचं पोट फाडल्यावर दगड भरून शिवतात ते पान भारी आवडायचं. सुई कुठून आणली हा प्रश्न होता फक्त.

---

माझ्या साडेचार वर्षांच्या चिरंजीवांना आधी भोपळ्यातली म्हातारी पाठ, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन. त्यामुळे लाल टोपीवालीचं पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा पूर्ण वेळ त्याचं डोकं आजीकडे. आजी घरी का बसली, तिने लेकीकडे जायचं ना. मग लांडगा दारात आलेलं चित्र आलं आणि हा पलंगाखाली, कपाटामागे बोट ठेवून शोधतोय. म्हटलं काय रे?

"भोपळा कुठेय?"