शब्दचर्चा: कानपूरच्या चर्चमधल्या ‘मेमोरियल गार्डन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

बिठूर-कानपूर सहलीचं माहितीपत्रक लिहितोय. पेशव्यांपायी आपली मंडळी बिठूरला जातातच, तर छावणीतलं ऑल सोल्स चर्चही दाखवावं असा बेत आहे. तिथल्या मेमोरियल गार्डनला एका जुन्या पत्रकात ‘हुतात्मा उद्यान’ म्हटलंय. चालेल का? की ‘समाधी उद्यान’?

प्रतिसाद

‘हुतात्मा’ मुळीच नको. जाणूनबुजून प्राण देतो तो हुतात्मा. 1857 च्या बंडात बीबीघर नावाच्या घरात कैदेत ठेवून 15 जुलैला कापल्या गेलेल्या इंग्रज बायका-पोरांना कुणी विचारलं होतं? आणि ‘समाधी’ म्हणजे खाली देह हवा. प्रेतं ज्या विहिरीत टाकली ती विहीर या बागेत नाहीच.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी नेमकं बोट ठेवलं. बागा मुळात दोन, आणि तिथेच घोळ होतो.

पहिली बाग इंग्रजांनी त्या विहिरीभोवती केली. विहीर बुजवून वर शिल्पकार मारोकेत्तीने घडवलेला संगमरवरी देवदूत बसवला, भोवती हेन्री यूलने आखलेली गॉथिक घाटाची दगडी जाळी. खर्चासाठी दंड बसवला तो कानपूरकरांवर, आणि त्याच कानपूरकरांना परवान्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती! स्मारकावरच्या लेखात आरोपीचं नावही कोरलं होतं: बिठूरचा बंडखोर नाना धोंडूपंत. मराठी माणूस तिथे जरा थबकतोच.

चर्च वेगळं. वॉल्टर ग्रॅनव्हिलच्या आराखड्यावरची ही लाल विटांची इमारत 1875 मध्ये पुरी झाली. बंडाच्या वेळी इंग्रज सेनानी व्हीलरने जिथे मोर्चेबंदी करून तग धरला होता त्या जागेला लागूनच ती आहे. आत भिंतींवर मेलेल्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. स्वातंत्र्यानंतर देवदूत आणि जाळी विहिरीवरून उचलून चर्चच्या आवारात आणली, ती आजची मेमोरियल गार्डन. मूळ जागेचं नानाराव पार्क झालं, आणि तिथे आता तात्या टोप्यांचा पुतळा आहे.

म्हणून मी म्हणेन, जुनी ती ‘विहिरीवरची स्मारकबाग’, आताची ती ‘चर्चची स्मृतिबाग’. ‘स्मृतिवन’ नको. आपल्याकडे त्याचा अर्थ गेलेल्या माणसाच्या नावाने झाडं लावलेली जागा असा रुळलाय.

विचारणा करणारा

आभारी आहे. ‘बीबीघर’चं ‘स्त्रियांचे निवासस्थान’ करू का? आणि देवदूताच्या हातात पानं आहेत, ती कसली?

प्रतिसाद

बीबीघर तसंच ठेवा. गोऱ्या अधिकाऱ्याने आपल्या हिंदी बाईसाठी बांधलेलं घर ते. ‘निवासस्थान’ म्हटलं की सरकारी बंगला डोळ्यांपुढे येतो.

पानं म्हणजे ताडाच्या झावळ्या. छातीशी दोन हातांची घडी आणि त्यात फुलीसारख्या धरलेल्या दोन झावळ्या. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती ‘झावळ्यांचा रविवार’ म्हणतो, तीच ही झावळी. ख्रिस्ती चित्रांत-शिल्पांत ती श्रद्धेपायी मेलेल्यांची खूण असते. तेव्हा ‘हुतात्मा’ लिहिणाऱ्याला अगदीच वेड्यात काढू नका, त्याने बहुधा झावळ्या वाचल्या होत्या. पण ते शिल्प बसवणाऱ्यांचं म्हणणं झालं, पत्रकाचं कशाला?

प्रतिसाद

पटलं. एक सुचवतो, दादा. पत्रकात सतीचौरा घाटावर 27 जूनला झालेली इंग्रजांची कत्तल आणि बीबीघर लिहाल, तर इंग्रज सेनानी हॅवलॉकची फौज 17 जुलैला शहरात शिरल्यावर इंग्रज अधिकारी नीलने चालवलेल्या फाशाही लिहा. बीबीघरातलं रक्त कैद्यांकडून चाटवून मग त्यांना लटकवलं. बागेतल्या दगडावर ते कोरलेलं नाही.